आखूड दावं आणि लाल गहू

आमच्या आजीच्या मते जगात दोन प्रकारचे चोर असतात. एक नेहमीचे, आणि दुसरा १९६६ सालचा परळचा रेशन दुकानदार.

आजी १९६५ मध्ये लग्न होऊन सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून परळच्या चाळीत आली. आजोबा गिरणीत. नव्या नवरीच्या वाट्याला जी कामं आली त्यातलं एक म्हणजे रेशनच्या रांगेत उभं राहणं. तिथे मिळायचा अमेरिकन लाल गहू. त्याच्या चपात्या गरम असताना बऱ्या आणि गार झाल्या की रबर. पण तो तरी वेळेवर मिळायला हवा ना! दोन दोन तास उभं राहिल्यावर नंबर यायचा आणि दुकानदार हात झटकून म्हणायचा, "बोट आली नाही." आजीचं ठाम मत, बोटबीट काही नाही, पोती मागच्या खोलीत होती. गेली साठ वर्षं तिनं त्या माणसाला माफ केलेलं नाही.

ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलीय की ती ऐकणंच बंद केलं होतं. परवा पुन्हा आठवली ती ऑफिसात, आणि कारण अगदीच भलतं. आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट आतापर्यंत वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट करायचा. या वर्षी त्यांनी ते महिन्या-महिन्यावर आणलं. काम तेवढंच, पैसे तेवढेच, माणसं तीच. फक्त दर महिन्याच्या पंचवीस तारखेपासून सगळ्या फ्लोअरवर एकच प्रश्न, आलं का रिन्यूअल? ते येतं. आतापर्यंत दरवेळी आलंय. पण ते येईपर्यंतचे पाच दिवस कोणी मोठ्यानं बोलत नाही, क्लायंटच्या कॉलवर तर कोणीच नाही. पूर्वी आमचा टीम लीड त्यांना "हे डिझाइन चुकीचं आहे" असं तोंडावर सांगायचा. आता म्हणतो, "वी कॅन एक्स्प्लोर".

तेव्हा मला एकदम ती बोट आठवली. ती कुठून यायची, आणि का यायची नाही? मग तीन वीकेंड यातच गेले. (घरच्यांनी विचारलं, परीक्षा आहे का?)

तर मंडळी, सुरुवात बोटीच्याही आधीपासून करायला हवी.

ऑक्टोबर १९४९ मध्ये पंडित नेहरू पहिल्यांदा अमेरिकेला गेले. स्वागत जंगी झालं, पण दोन्ही बाजूंना एकमेकांचं फारसं काही पटलं नाही. धान्याचा विषय निघाला, पण हाती काही लागलं नाही. पुढच्या वर्षी पिकं बुडाली आणि १९५० च्या अखेरीला भारतानं रीतसर २० लाख टन धान्य मागितलं. आता वेळ बघा. कोरियात युद्ध चालू होतं. १ फेब्रुवारी १९५१ ला संयुक्त राष्ट्रांत चीनला आक्रमक ठरवणारा ठराव आला आणि भारतानं त्याच्या विरोधात मत दिलं. आणि त्याच महिन्यात ट्रूमन अमेरिकन काँग्रेसला सांगत होते की या लोकांना गहू द्या.

काँग्रेसनं तो प्रस्ताव जूनपर्यंत लोंबकळत ठेवला. काही सदस्यांचं म्हणणं असं की गहू देतो, पण बदल्यात त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू द्या. या वाळूत थोरियम असतं, अणुऊर्जेच्या कामाचं, आणि भारतानं तिच्या निर्यातीवर बंदी घातली होती. गव्हाच्या बदल्यात थोरियम! शेवटी ती अट बरीच सौम्य झाली, १९ कोटी डॉलरचं कर्ज म्हणून गहू मंजूर झाला आणि १५ जून १९५१ ला कायद्यावर सही झाली. दरम्यान चीन आणि सोव्हिएत रशियाकडून धान्य आलंसुद्धा. म्हणजे अमेरिकेनं दिलं कितीतरी जास्त, पण इतकं रडवून दिलं की श्रेय दुसऱ्यांनीच खाल्लं. लक्षात ठेवा हे, पंधरा वर्षांनी हाच सिनेमा रंगीत होऊन परत येतो.

१९५४ मध्ये आयझेनहॉवर यांनी पब्लिक लॉ ४८० वर सही केली. आपल्याकडे ज्याला सगळे 'पीएल-४८०' म्हणतात तो हाच. हा कायदा म्हणजे भुकेल्या जगाची कणव, असं मला वाटायचं. मूळ अडचण वेगळीच होती. अमेरिकन शेतकऱ्याला सरकारनं हमी भाव दिलेला, तो पिकवत सुटलेला, आणि सरकारकडे एवढा गहू साठला की ठेवायला जागा नाही. न्यूयॉर्कजवळ हडसन नदीत दुसऱ्या महायुद्धातली निवृत्त मालवाहू जहाजं नांगरून ठेवली होती. १९५३ पासून दहाएक वर्षं त्या जहाजांच्या पोटात गहू भरून ठेवलेला होता. आपल्याकडे रेशनच्या रांगा, आणि तिकडे गव्हानं भरलेली जहाजं एका जागी उभी. दाता आणि याचक असं चित्र डोळ्यासमोर असेल तर त्यात ही नदी पण घालून बघा.

पीएल-४८० ची गंमत अशी की पैसे रुपयांत द्यायचे होते. डॉलर आपल्याकडे नव्हतेच. ऑगस्ट १९५६ मध्ये पहिला करार झाला. मग मे १९६० मध्ये आपले स. का. पाटील वॉशिंग्टनला गेले. हो, तेच सदोबा पाटील, मुंबईचे अनभिषिक्त राजे, ज्यांना पुढे १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी पाडलं. ते तेव्हा केंद्रात अन्नमंत्री होते. करारावर समोरून सही केली खुद्द आयझेनहॉवर यांनी. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. हिशेब केला तर चार वर्षं जवळजवळ रोज एक जहाज. मुंबईसारख्या गिरण्यांच्या शहरातून आलेल्या नेत्याला स्वस्त धान्याची किंमत कोणी शिकवायची गरज नव्हती. शहर शांत ठेवायचं तर गहू हवा, मग तो कुठून का येईना.

पण इथेच गोची झाली असं माझं मत आहे. धान्य स्वस्तात आणि रुपयांत मिळतंय म्हटल्यावर दिल्लीत शेतीवर पैसा घालायची घाई कुणालाच राहिली नाही. परकीय चलन पोलादाच्या कारखान्यांना, धरणांना. बाहेरच्या स्वस्त गव्हानं इथल्या शेतकऱ्याचे भाव पडतात की नाही यावर अर्थतज्ज्ञ तेव्हापासून भांडतायत, त्यात मी पडत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना समजेल असं सांगायचं तर आपण एका थर्ड पार्टी लायब्ररीवर अख्खी सिस्टिम उभी केली, कारण ती फुकट होती. लायसन्स कोणाच्या हातात आहे ते कोणी वाचलं नाही.

जरा विषयांतर. गाजर गवत उर्फ काँग्रेस गवत पीएल-४८० च्या गव्हातून आलं हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मीही आतापर्यंत दहा जणांना ठासून सांगितलंय. पण पुण्यात या गवताची नोंद झाली १९५५ मध्ये, आणि पीएल-४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. टाइमस्टॅम्प जुळत नाही! १९५१ च्या कर्जाच्या गव्हातून आलं असेल तर असेल, पण पीएल-४८० ला या एका गुन्ह्यातून तरी सोडायला हवं. असो.

आता येऊ जॉन्सन यांच्याकडे.

लिंडन जॉन्सन टेक्ससचे. गुराढोरांच्या मुलखातले. त्यांच्या या धोरणाला अमेरिकन सरकारात जे नाव पडलं त्याचा सरळ मराठी अर्थ 'आखूड दावं'. जनावराला खुंट्याला बांधायचं, पण दोरी एवढीच ठेवायची की ते गव्हाणीपर्यंत पोचेल, पलीकडे नाही. ३० जून १९६५ ला जुना करार संपला. नवा दीर्घ मुदतीचा करार करायला जॉन्सन यांनी नकार दिला. यापुढे महिन्या-दोन महिन्यांपुरता गहू, आणि प्रत्येक वेळचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या टेबलावर. त्यांचेच अधिकारी, दिल्लीतले राजदूत चेस्टर बोल्स, सगळे सांगत होते की द्या एकदाचा. साहेब फाइल दाबून बसायचे.

का? एक कारण सरळ होतं आणि मला तरी ते चुकीचं म्हणता येत नाही. भारत शेतीकडे दुर्लक्ष करतोय आणि आमच्या जिवावर निवांत आहे, असं त्यांना वाटत होतं. शिवाय तोपर्यंत हडसनमधली जहाजं रिकामी झाली होती, अमेरिकेचा साठा घटत चालला होता. दुसरं कारण व्हिएतनाम. एप्रिल १९६५ मध्ये पंतप्रधान शास्त्रींचा ठरलेला अमेरिका दौरा जॉन्सन यांनी ऐनवेळी पुढे ढकलला, पाकिस्तानच्या अयुब खानांचाही. व्हिएतनामवर बॉम्बफेक चालू असताना वॉशिंग्टनमध्ये येऊन कोणी टीका करायला नको होती. दिल्लीत हा अपमान फार लागला. सप्टेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध झालं, अमेरिकेनं दोघांचीही लष्करी मदत थांबवली. आणि त्याच वर्षी पाऊस रुसला.

आकडे बघा. १९६४-६५ मध्ये देशात ८९० लाख टनांच्या आसपास धान्य झालं होतं. १९६५-६६ मध्ये ते ७२० लाख टनांवर आलं. पुढच्या वर्षीही ७४० लाखच, आणि बिहारात दुष्काळ. देशात राखीव साठा म्हणावा असा नव्हता. बोटीतून उतरायचं ते थेट तोंडात जायचं. आणि बोट काही बटण दाबलं की येत नाही. तिकडे मंजुरी, मग खरेदी, मग बंदरात भरणं, मग अर्ध्या जगाला वळसा घालून कित्येक आठवड्यांचा प्रवास. वॉशिंग्टनमध्ये एक सही तीन आठवडे लांबली की त्याचा खड्डा इथल्या रांगेत दोन-तीन महिन्यांनी पडायचा. बरोबर कधी पडणार हेसुद्धा आधीच काढता यायचं. दिल्लीतले अन्न खात्यातले लोक समुद्रावर असलेल्या एकेका जहाजाचा हिशेब ठेवत बसलेले असायचे.

शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा असं आवाहन केलं. हॉटेलं बंद राहायची. आजीला विचारलं तर म्हणाली, "आमच्यात सोमवार आधीपासूनच होता गं. त्यात काय नवीन!"

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला माणूस. सी. सुब्रमण्यम. १९६४ पासून अन्न आणि शेतीमंत्री, पदार्थविज्ञानाचे पदवीधर, तामिळनाडूतले. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेची परिषद होती. तिथे बाजूला बसून अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन आणि सुब्रमण्यम यांच्यात एक करार झाला. गुप्त. भारत शेतीवरचा खर्च वाढवेल, खतांचे कारखाने परदेशी कंपन्यांना खुले करेल, जास्त उत्पादनाचं बियाणं पसरवेल, शेतकऱ्याला भाव देईल, हे सगळं लेखी. एका सार्वभौम देशाच्या मंत्र्यानं स्वतःच्या देशाचं शेती धोरण दुसऱ्या देशाच्या मंत्र्याला लिहून दिलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा चहा गार झाला होता.

पण मग तारखा परत लावून बघितल्या. शेतमालाच्या किमतींचा आयोग आणि फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, दोन्ही जानेवारी १९६५ चे. म्हणजे रोमच्या दहा महिने आधीचे, आणि दावं आखूड व्हायच्याही आधीचे. नव्या बियाण्यावर स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आधीच चालू होतं. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवून तिथे नवा गहू पेरला होता! अडचण वॉशिंग्टनची नव्हती, दिल्लीची होती. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी खतासाठी परकीय चलन सोडायला तयार नव्हते, नियोजन मंडळाला कारखाने प्यारे होते, डाव्यांना परदेशी कंपन्या नको होत्या. या सगळ्यांसमोर सुब्रमण्यम यांना आता एक वाक्य मिळालं: हे केलं नाही तर गहू येणार नाही. डिसेंबरात त्यांनी तोच कार्यक्रम संसदेत आपला म्हणून मांडला, आणि तो खरोखरच त्यांचाच होता. त्याच महिन्यात जॉन्सन यांनी १५ लाख टन सोडले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाण्याचा गहू आला. एवढं बियाणं एका वेळी कोणी कधी आयात केलेलं नव्हतं.

दोरी जॉन्सन यांच्या हातात होती हे खरं. पण त्या दोरीचं दुसरं टोक धरून सुब्रमण्यम यांनी दिल्लीतले चार अडेल बैल ओढले, हेही तितकंच खरं. आपल्याकडे ही गोष्ट दोनच प्रकारे सांगतात. एक तर 'अमेरिकेनं आपल्याला भिकारी केलं', नाही तर 'अमेरिकेनं आपल्याला जगवलं'. या दोन्हीत आपण नुसते बसून असतो, आपल्याकडून कोणी काही करतच नाही. सुब्रमण्यम यांना या कामाबद्दल काय मिळालं? १९६७ च्या निवडणुकीत ते हरले.

शास्त्री ताश्कंदला गेले ते गेलेच, ११ जानेवारी १९६६ ला तिथेच वारले. इंदिरा गांधी आल्या. मार्च अखेरीला त्या वॉशिंग्टनला पोचल्या. काम नाजूक होतं. धान्य आणि परकीय चलन आणायचं, आणि मागायला आलोय असं दिसू द्यायचं नाही. भेट सुरेख झाली. जॉन्सन त्यांच्यावर बेहद्द खूश, काँग्रेसकडे आणखी ३५ लाख टनांची शिफारस. मग ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपये. जागतिक बँक आणि अमेरिका हे बरेच दिवस मागत होते. देशात आगडोंब उसळला. खुद्द काँग्रेस पक्षाचे अध्यक्ष कामराज भडकले. अमेरिकेपुढे वाकली, असा शिक्का बसला.

तो पुसायचा तर काय करायचं? जुलैत त्या मॉस्कोला गेल्या आणि व्हिएतनाममधली बॉम्बफेक थांबवा असं सांगणाऱ्या संयुक्त पत्रकावर सही करून आल्या. त्यात 'साम्राज्यवादी' वगैरे शब्द होते. जॉन्सन यांचा पारा चढला. भारत जे बोलतोय तेच पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीसही बोलतायत, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर असं होतं की त्या दोघांना आमचा गहू लागत नाही. बोल्स यांच्यामुळे हा किस्सा पुढे प्रसिद्ध झाला. मला तर या उत्तरात सगळ्या प्रकरणाचा सोर्स कोड दिसतो.

१९६६ च्या ऑगस्टपासून पुढे नवा गहू मंजूरच होईना. बिहारात पीक गेलेलं. जॉन्सन म्हणाले, आधी खरंच गरज आहे का ते बघून या. मग कृषी खात्याची माणसं आली, काँग्रेसचे सदस्य आले. त्यात बॉब डोल होते, जे पुढे १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. ते सगळे परत गेले आणि म्हणाले, गरज आहे. डिसेंबरात ९ लाख टन सुटले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, नाहीतर एकतर्फी होईल. त्या दोन वर्षांत अमेरिकेनं आपल्या गव्हाच्या पिकाचा जवळपास पाचवा हिस्सा भारताला पाठवला. १९६६ मध्ये भारतानं एकूण १ कोटी टनांहून जास्त धान्य आयात केलं आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेचा होता. एका देशानं दुसऱ्या देशाला एवढं अन्न पाठवल्याची उदाहरणं फार नाहीत. बिहारात १९४३ च्या बंगालसारखं झालं नाही त्यात या गव्हाचा मोठा वाटा आहे. आणि तरीही त्याबद्दल इथे कृतज्ञता अशी उरलीच नाही. मला हे आधी कोडं वाटायचं, आता वाटत नाही. आमचा क्लायंटही बारा महिने पैसे देतोच की. पण टीमला आठवते ती पंचवीस तारीख.

पुढचं झटपट सांगते. १९६७-६८ मध्ये पाऊस पडला, नवं बियाणं लागलं, गहू १६५ लाख टन झाला. १९७१-७२ पर्यंत २६४ लाख टन. १९६४-६५ मध्ये तो १२३ लाख टन होता. सवलतीच्या गव्हाची आयात १९७१ च्या अखेरीला थांबली, आणि त्याच डिसेंबरात बांगलादेशचं युद्ध झालं, निक्सन यांनी आरमार बंगालच्या उपसागरात पाठवलं. पाच वर्षांपूर्वी हे झालं असतं तर? मी असे 'जर-तर' एरवी लिहीत नाही, पण इथे मोह आवरत नाही. बोटींची वाट बघणाऱ्या देशाला ते युद्ध तसं लढता आलं असतं असं मला वाटत नाही. (बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे आलेला मिलो हा वेगळाच विषय आहे, तो नंतर कधीतरी.)

राहिले ते रुपये. गव्हापोटी भरलेले रुपये अमेरिकेच्या नावानं भारतात साठत गेले होते. बराचसा भाग कर्ज किंवा अनुदान म्हणून इथेच परत वापरला जायचा, पण त्यावर व्याज, व्याजावर व्याज. एका परक्या सरकारकडे आपल्या चलनाचा असा डोंगर असणं कोणालाच सुखाचं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. १८ फेब्रुवारी १९७४ ला राजदूत मोयनिहान यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला. आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

त्या रुपयांतला एक छोटा हिस्सा भलत्याच ठिकाणी गेला. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठीसुद्धा. शिकागोसारख्या विद्यापीठात साठच्या दशकातली मराठी पुस्तकं रांगेनं लावलेली सापडतात, ती या योजनेमुळे. म्हणजे परळच्या रांगेत आजीनं लाल गव्हाला दिलेल्या नाण्यांतून कुठेतरी एखादी मराठी कादंबरी अमेरिकेत पोचली. लाल गव्हाची एवढी एक चांगली परतफेड मला सापडली.

आणि दावं संपलं नव्हतं, फक्त खुंट्याला दुसरं कोणी होतं. १९७४ मध्ये बांगलादेशात पूर आणि मग दुष्काळ. त्या नव्या देशानं क्यूबाला तागाची पोती विकली होती. क्यूबाशी व्यापार करणाऱ्याला पीएल-४८० चं धान्य नाही, असं कायद्यात होतं. अमेरिकेनं धान्य अडवलं. बांगलादेशानं ती निर्यात थांबवली, मग धान्य सुटलं, पण बोटी पोचेपर्यंत माणसं मेली होती. आपल्या १९६६ ची गोष्ट किती थोडक्यात निभावली हे मला त्या पोत्यांबद्दल वाचल्यावर कळलं.

गेल्या रविवारी हे सगळं आजीला सांगितलं. टेक्ससचा एक माणूस, त्याचं टेबल, त्यावरची फाइल, आणि समुद्रात नसलेल्या बोटी. ती शेंगा सोलत ऐकत होती. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "म्हणजे बोट खरंच यायची नाही?"

"बऱ्याचदा नसेल आली. त्या नेमक्या दिवशी काय झालं ते कसं सांगणार?"

"अगं बाई. आम्ही बायकांनी त्याला काय काय बोलून घेतलं. एकदा तर त्याच्या पोराला शाळेतून येताना अडवलं होतं, तुझा बाप चोर आहे म्हणून." शेंगा सोलणं थांबलं होतं. "लहान होतं ते पोर."

मी गप्प बसले. थोड्या वेळानं तिनं टरफलं गोळा केली, उठली, आणि आत जाता जाता म्हणाली, "पण वजनात मारायचाच हो तो."